कोल्हापूरचं पोर आणि बारा पायऱ्या

कोल्हापुरात न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च आहे. नाताळच्या आठवड्यात वर्तमानपत्रांत त्याचं नाव येतं, एरवी शहराला ते फारसं आठवत नाही. ज्या वायल्डर घराण्याचं नाव कोल्हापूरने असं जपलं आहे, त्या घरातलं एक पोर २ ऑगस्ट १८६३ रोजी याच शहरात जन्मलं. त्याचं नाव रॉबर्ट वायल्डर. कोल्हापूरने जगाला काय काय दिलं याच्या याद्या आपण हौसेने करतो. कुस्ती येते, चप्पल येते, सिनेमा येतो. रॉबर्टचं नाव त्यात कधी दिसत नाही. पण दारू सोडू पाहणारी लाखो माणसं आज ज्या बारा पायऱ्यांना धरून एकेक दिवस काढतात, त्या पायऱ्यांची वंशावळ मागे नेत गेलं की हे पोर वाटेत भेटतं.

वंशावळ सरळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकाने लावलेलं रोप दुसऱ्याने नेलं, तिसऱ्याने कलम केलं, असा प्रकार आहे. तरी ती सांगण्यासारखी आहे. श्रद्धेने व्यसन सुटतं का, या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर याच वंशावळीच्या एका टप्प्यावर, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात, सापडतं.

रॉबर्टचे वडील रॉयल गोल्ड वायल्डर १८४६मध्ये अमेरिकन मिशनतर्फे अहमदनगरला आले आणि १८५२मध्ये कोल्हापुरात. माणूस हट्टी होता. मिशनच्या अमेरिकेतल्या वरिष्ठांचं म्हणणं, शाळांवर एवढा खर्च नको, प्रचारावर भर द्या. वायल्डरांचा भर शाळांवर. भांडण विकोपाला गेलं, मिशनशी संबंध तुटले, तर हे गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरात परत आले आणि बरीच वर्षं कोणत्याही बोर्डाच्या आधाराशिवाय काम करत राहिले. शेवटी प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतलं. मिरजेचे डॉक्टर विल्यम वानलेस पुढे याच बोर्डाकडून आले. मिरजेचं आणि कोल्हापूरचं असं दोन्हीकडचं मिशन रुग्णालयाचं काम त्यातूनच उभं राहिलं.

वडिलांची प्रकृती ढासळल्यावर वायल्डर कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहिलं. रॉबर्ट तिथल्या कॉलेजात शिकला. वडील मिशनरी कामावर मासिक काढत, घरात विद्यार्थ्यांच्या बैठका होत, बहीण ग्रेस बाजूच्या खोलीत प्रार्थना करत बसे. १८८६च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर भरलं. त्यात रॉबर्टच्या पुढाकाराने १०० तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लिहून दिली. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ जन्मली. त्या हिवाळ्यात रॉबर्ट आणि जॉन फोरमन हे दोघे कॉलेजांमागून कॉलेजं हिंडले. फोरमनही मिशनऱ्याचाच मुलगा, त्याचं घर लाहोरचं. या फेरीत दोन हजारांवर तरुणांनी नावं दिली. त्यांतला प्रिन्स्टनचा एक तगडा विद्यार्थी म्हणजे रॉबर्ट स्पीअर.

स्पीअर स्वतः मिशनरी म्हणून कुठे गेला नाही. १८९१ ते १९३७ एवढा दीर्घ काळ तो प्रेस्बिटेरियन बोर्डाचा सचिव राहिला. कोल्हापूर-मिरजेची पत्रंही त्याच कचेरीत जायची. १९०२मध्ये त्याने येशूच्या शिकवणीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने आचरणाची चार मापं काढून दाखवली: प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता आणि प्रेम. चारही शंभर नंबरी, सवलत नाही. येल विद्यापीठातल्या हेन्री राइट या प्राध्यापकाने ती आपल्या पुस्तकात उचलली. राइटच्या पुस्तकातून ती फ्रँक बुकमन नावाच्या पेनसिल्व्हेनियाच्या लूथरन पाळकाच्या हाती लागली, आणि इथून गोष्टीला वेग येतो.

बुकमनचा स्वतःचा रोग दारूचा नव्हता, रागाचा होता. फिलाडेल्फियात तो तरुण मुलांचं वसतिगृह चालवत असे. विश्वस्तांशी पैशावरून बिनसलं, त्याने राजीनामा दिला आणि मनात अढी धरून बसला. १९०८मध्ये इंग्लंडमध्ये केझिकला एका छोट्या प्रार्थनागृहात प्रवचन ऐकताना त्याला जाणवलं, की त्या सहा विश्वस्तांची चूक असेलही, पण मनातली अढी माझी आहे. तो उठला आणि सहा जणांना माफीची सहा पत्रं लिहून मोकळा झाला. पुढे त्याच्या सगळ्या कामाचा साचा हाच राहिला: आपलं पाप शोधा, ते दुसऱ्या माणसासमोर बोला, ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडे जाऊन भरपाई करा, रोज सकाळी वही-पेन्सिल घेऊन शांत बसा. पेन स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांना चोरून दारू पुरवणारा ‘बिल पिकल’ या टोपणनावाचा एक नामांकित माणूस होता. बुकमनने त्याच्याशी आधी दोस्ती केली. उपदेश बराच नंतर आला. बिल पिकलने दारू सोडली, त्याचा कॉलेजभर बोभाटा झाला. बुकमन १९१५मध्ये हिंदुस्थानातही आला होता, गांधीजींना भेटून गेला. त्याच्या मंडळींना पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे नाव पडलं, १९३८नंतर ‘मॉरल री-आर्मामेंट’. पाचगणीचं ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र त्याच चळवळीचं, राजमोहन गांधींच्या पुढाकाराने १९६०च्या दशकाअखेर उभं राहिलेलं. तिथे शिबिराला गेलेल्या मराठी माणसांनी सकाळची शांतवेळ आणि ती चार मापं ऐकलेली असतात. कोल्हापूरहून निघालेल्या पोराच्या गोतावळ्यातली मापं सातारा जिल्ह्यात अशी परतली, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता ॲक्रन. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन दारूने पुरता बुडालेला होता. १९३४च्या नोव्हेंबरात त्याचा जुना पिणारा मित्र एबी थॅचर घरी आला आणि त्याने पुढे केलेला ग्लास नाकारला. एबीला ऑक्सफर्ड ग्रुपच्या लोकांनी वेड्यांच्या इस्पितळात जाता जाता वाचवलं होतं. बिलला देवाधर्माचा तिटकारा. एबीने त्याला एवढंच सुचवलं, की देव तुला जसा पटेल तसा धर. डिसेंबरात बिल इस्पितळात दाखल झाला, तिथे त्याला प्रकाशाचा मोठा अनुभव आला आणि त्यानंतर तो कधी प्यायला नाही. त्या इस्पितळात बेलाडोना देत असत, आणि बेलाडोनाने माणसाला काहीबाही दिसतं. त्यामुळे त्या प्रकाशाबद्दल शंका घेणारे आजही आहेत. घेऊ द्यात. मला त्या प्रकाशापेक्षा पुढच्या मे महिन्यात जास्त रस आहे.

मे १९३५मध्ये बिल धंद्याच्या कामासाठी ॲक्रनला गेला. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, खिसा रिकामा, एका टोकाला बारमधला कलकलाट. आत्ता आपण पिणार हे त्याला कळलं. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि चर्चच्या यादीवरून नंबर फिरवत विचारत सुटला, की मला एखादा दारुडा भेटवून द्या, त्याच्याशी बोलायचंय. फोनाफोनी होत होत त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पेशाने सर्जन, आणि पक्के पिणारे.

इथे थांबायला हवं. हे डॉक्टर अडीचेक वर्षं ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात होते. प्रार्थना करत होते, बायबल नेमाने वाचत होते, पत्नी ॲन श्रद्धाळू, भोवती मायेची मंडळी. आणि ते पीत होते. आपल्याकडे सांगितले जाणारे सगळे उपाय त्यांच्यापाशी हजर होते. त्यांच्याजवळ नव्हता तो आपल्यासारखाच दुसरा पिणारा, जो उपदेश करायला आलेला नाही, स्वतः वाचावं म्हणून आलेला आहे. पंधरा मिनिटं देतो म्हणून बसलेले डॉक्टर त्या दिवशी तासन्‌तास बोलत राहिले. मध्ये एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी सकाळी शस्त्रक्रियेला जाताना हात थरथरू नये म्हणून बिलने त्यांना एक बिअर दिली, ती त्यांची शेवटची. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ए.ए. ही तारीख आपला जन्मदिवस मानते.

श्रद्धेने व्यसन सुटतं का, याचं उत्तर मी इथे शोधतो ते यासाठी. बॉब यांच्या श्रद्धेत त्या दिवशी भर पडली असं कुठे दिसत नाही. श्रद्धेला तोंड फुटलं. ॲक्रनच्या सुरुवातीच्या बैठकांत बायबलमधलं याकोबाचं पत्र, डोंगरावरचं प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय सारखे वाचले जात. आपली पापं एकमेकांपाशी कबूल करा, असं याकोब सांगतो. एकमेकांपाशी, म्हणजे उंच आसनावरच्या कोणापाशी नव्हे. ही मंडळी त्या पत्रावर इतकी लुब्ध होती, की संघटनेला याकोबाचंच नाव द्यावं असाही विचार निघाला होता.

पण बिलने बारा पायऱ्या लिहिल्या तेव्हा चार मापं गाळली. डॉक्टर बॉब यांना ती शेवटपर्यंत प्रिय होती; बिलचं मत पडलं, की शंभर नंबरी शुद्धतेचा आग्रह धरला तर दारुडा दारातूनच परत फिरेल. त्याला आजचा दिवस न पिता काढायचाय आणि तुम्ही त्याला संत व्हायला सांगताय. न्यूयॉर्कची मंडळी १९३७मध्ये ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली, ॲक्रनची १९३९मध्ये. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. देवाबद्दल पुस्तकात काय लिहायचं यावरून नास्तिक सदस्यांशी कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ अशी वाट काढली गेली. ख्रिस्ताचं नाव पायऱ्यांत आलं नाही. ख्रिस्ती सवयी मात्र राहिल्या: स्वतःचा झाडा घेणं, तो दुसऱ्या माणसासमोर वाचणं, माफी मागून नुकसान भरून देणं, रोजची प्रार्थना, आणि शेवटी हे सगळं दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत नेणं. बुकमनची सहा पत्रं नवव्या पायरीत जशीच्या तशी दिसतात.

१९५७मध्ये ए.ए. मुंबईत आली. पुढे ती मराठी बोलू लागली, जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, कोल्हापुरातही तिच्या मीटिंगा होतात. खुल्या मीटिंगला बाहेरचा माणूस बसू शकतो. तिथे जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं असतं, म्हणून एकाही सदस्याचं बोलणं या लेखात नाही. रीत तेवढी सांगतो. खुर्च्या, टेबल, भिंतीवर पायऱ्या आणि परंपरा. एक जण उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. मग तो आपली कथा सांगतो. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरेरे’ म्हणत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, चहा होतो. पंधरा वर्षं न प्यायलेला माणूसही स्वतःला अल्कोहोलिकच म्हणवतो; ‘होतो’ म्हणत नाही.

आता याच शहरातल्या रविवारच्या उपासनेकडे पाहू. मराठी ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची जुनी प्रथा आहे. माणूस उभा राहतो, मी असा होतो, प्रभूने मला असं सोडवलं, हे सांगतो. मंडळी स्तुती करतात, उपासना-संगीतातलं गीत होतं. साक्षीची ताकद मोठी आहे. घरच्यांनी ज्याच्यावर पाणी सोडलं तो चार लोकांत ताठ मानेने उभा राहतो, ही लहान गोष्ट नाही. पण साक्षीची क्रियापदं भूतकाळात असतात. प्रभूने सोडवलं, संपलं. तीन महिन्यांनी हाच माणूस घसरला, तर त्याने परत कोणत्या तोंडाने उभं राहायचं? आता त्याचं घसरणं त्याच्या एकट्याचं उरत नाही, देवाचं नाव खाली गेल्यासारखं होतं. मग तो रविवार चुकवू लागतो. पाळक घरी आले तर मागच्या दाराने निघून जातो. व्यसनाला लपवाछपवी लागतेच. चमत्काराची घाई तिला आणखी आडोसा देते.

मिशनच्या शिस्तीनेही यात भर घातली, असं माझं मत आहे. अमेरिकन मिशनऱ्यांच्या पिढ्या दारूबंदीच्या चळवळीत वाढलेल्या. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूविरोधी संघटनेने त्या भारावल्या आणि अमेरिकेवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिच्याबद्दल मराठी वाचकांना भरभरून सांगितलं. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९मध्ये द्राक्षरस आंबू न देता टिकवायची युक्ती शोधली, तीही प्रभुभोजनाच्या पेल्यात दारू नको म्हणूनच. बाटलीबंद द्राक्षरसाचा मोठा धंदा त्यातून उभा राहिला. इकडे इंग्रज सरकार अबकारीच्या उत्पन्नावर डोळा ठेवून गुत्ते वाढवत होतं. १८८०मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला. अशा काळात दारू न पिणं ही ख्रिस्ती घराची ओळख झाली आणि त्या ओळखीने कितीतरी घरं वाचली. मात्र ज्या घरात पिणारा निघाला, त्या घराला ते बोलायची सोय उरली नाही.

हे ख्रिस्ती घरांपुरतं नाही. कोल्हापूरच्या गावांत दारू सोडण्याची जुनी वाट म्हणजे माळ. माळ घातली की शिवायचं नाही. कोणी जोतिबाला शब्द देतो, कोणी आदमापूरला बाळूमामांच्या नावाने सोडतो. वारकऱ्याची माळ टिकते तेव्हा ती कशाने टिकते हे पाहण्यासारखं आहे: रोजचा हरिपाठ, गावातलं भजन, सोबतीची दिंडी, वर्षाची वारी. चार माळकऱ्यांच्या संगतीत माणूस गुत्त्याकडे वळायला लाजतो. माळ तुटते ती एकट्याच्या गळ्यात. ख्रिस्ती मंडळीतही जिथे आठवड्याची घरगुती प्रार्थना आहे, जिथे पाच-सहा जण एकमेकांना खरं विचारू शकतात, तिथे माणसं टिकतात. मोठ्या मांडवातल्या आरोग्यसभेत पुढे जाऊन डोक्यावर हात ठेवून घेतलेला माणूस सोमवारी सकाळी एकटाच असतो.

आणि सोमवारी सकाळी त्याच्या वाटेवर काय काय असतं! कोपऱ्यावर पानटपरी, तिथे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून दिलेला मावा. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, माव्याने ती जागा आरामात भरून काढली. चाळीसेक किलोमीटरवर निपाणी, बिडीच्या तंबाखूची पेठ. घरात आजीची मिश्री तव्यावर भाजलेली, ती तर व्यसनात कोणी धरतच नाही. आंबोली आणि फोंडा घाटांनी येणारी गोवा बनावटीची स्वस्त दारू उत्पादन शुल्कवाले पकडतात त्याच्या बातम्या नित्याच्या. ऊसबिलाचा पैसा, लग्नसराई, निवडणूक, जत्रा, प्रत्येकाला पाजणारा कोणी ना कोणी आहे. ‘पीत नाही’ म्हणणाऱ्याला ‘आज एक दिवस काय होतंय’ म्हणणारा मित्र प्रेमानेच म्हणतो, हे जास्त अवघड. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. दारूसाठी बारा पायऱ्या चढलेला माणूस मीटिंगच्या दारात मावा थुंकून आत जातो, हेही असतं. माव्याची साक्ष दिलेली मी कुठे ऐकली नाही. त्या व्यसनाला अजून पापाचा दर्जाच मिळालेला नाही.

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. पिणाऱ्याच्या घरातून चर्चमध्ये आधी येते ती बायको. उपास धरते, महिला मंडळात विनंती देते, नवऱ्याच्या नावाने रात्र जागवते. तिला मंडळीत आधार मिळतो, मुलांच्या फीला मदतही मिळते. पण तिला मिळणारा सल्ला बऱ्याचदा एकच असतो: बाई, अजून प्रार्थना कर, अजून क्षमा कर. मार खाऊन आलेल्या बाईला हा सल्ला देणं मला धर्म वाटत नाही. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने पुढाकार घेऊन १९५१मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ उभी केली. तिचं सांगणं व्यवहारी होतं. त्याचं पिणं तुझ्यामुळे नाही आणि तुझ्याने ते थांबणारही नाही. त्याच्या साहेबाला खोटा फोन करू नकोस, त्याची उधारी फेडू नकोस, तो पडला तर जगापासून लपवू नकोस. स्वतःचं आणि मुलांचं आयुष्य आधी सावर. कोल्हापुरातल्या सासूला हे रुचायला वेळ लागतो. पण महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एकदा याच विषयावर बोललं गेलं, तर पुष्कळ घरांतली कोंडी फुटेल.

कॅथलिक बाजूने महाराष्ट्रात यावरचं सगळ्यात मोठं काम एका अशा धर्मगुरूने उभं केलं, जे स्वतः पिणारे होते. फादर जो परेरा. ए.ए.च्या आधाराने ते सावरले आणि १९८१मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या परिसरात त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. पुढे वसईपासून गोव्यापर्यंत आणि पार ईशान्येपर्यंत त्याच्या शाखा गेल्या. २००९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फादर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. नशा उतरताना शरीर कसं बंड करतं ते त्यांनी स्वतः सोसलेलं होतं, म्हणून त्यांनी आसनं आणि प्राणायाम पुनर्वसनात आणले. त्याला जोड दिली ख्रिस्ती ध्यानाची, जॉन मेन या बेनेडिक्टाइन संन्याशाच्या पद्धतीची: डोळे मिटून एकच प्रार्थनाशब्द मनात चालू ठेवायचा. गंमत अशी, की जॉन मेन संन्यासी होण्याआधी मलायात नोकरीला होते आणि तिथे सत्यानंद नावाच्या एका हिंदू स्वामींकडून हे ध्यान शिकले होते. स्वामींकडून बेनेडिक्टाइनाकडे, त्याच्याकडून वांद्र्याच्या पाद्र्याकडे, सोबतीला पुण्याच्या अय्यंगारांचा योग. कट्टर मंडळींना हे मिश्रण दोन्ही बाजूंनी टोचतं. थरथरणाऱ्या माणसाला ते कुठून आलं याची पडलेली नसते.

देव मुळीच न मानणाऱ्यांचं काय? पुण्याचं मुक्तांगण मराठी वाचकाला सांगायला नको; अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या पाठबळावर ते सुरू केलं. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ काढलं. मिरजेत वैद्यकी शिकलेले दाभोलकर पक्के विवेकवादी, आणि तरीही व्यसन हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही हे त्यांना मान्य होतं. पाचगणीची शांतवेळ आणि दाभोलकरांचं केंद्र एकाच जिल्ह्यात असावं याची मला मौज वाटते.

डॉक्टरांची एक सूचना मात्र देव मानणाऱ्या-न मानणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, वेळेवर उपचार नसले तर जीवही जाऊ शकतो. ‘आजपासून औषध टाका, प्रभू बघून घेईल’ असं कोणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर तो माणसाच्या जिवाशी खेळतोय. बिल विल्सनला प्रकाश दिसला तोदेखील इस्पितळातल्या खाटेवर, डॉक्टर सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली.

पायऱ्यांचा उपयोग होतो का, हे मोजूनही पाहिलंय. २०२०मध्ये कॉक्रेन या नामवंत संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांवर रुग्णांचा आढावा घेतला. ए.ए.कडे नेणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के माणसं दारूपासून पूर्ण दूर होती. वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांनंतर ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं दोन्हीकडे घसरलेलीच. हा आकडा साक्षीच्या व्यासपीठावर टांगून ठेवावा असा आहे, कोणाला नाउमेद करायला नव्हे, तर घसरणाऱ्याला परत येताना लाज वाटू नये म्हणून. आणि मुळात उपचारापर्यंत पोचतात किती? एम्सच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, साडेपाच कोटींवर लोकांना मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोचायला डॉक्टर, भजनी मंडळ, पाळक, मौलवी, सगळेच कमी पडतील.

म्हणूनच एका नाजूक विषयाला बगल देणं बरं नाही. व्यसन सोडवण्याच्या नावाखाली धर्मांतर करतात, हा आरोप आपल्या भागात ऐकू येतो. प्रार्थनेने दारू सुटलेला माणूस श्रद्धा बदलू पाहत असेल तर तो त्याचा हक्क. पण दारू सुटणं हा एखाद्या धर्माच्या खरेपणाचा पुरावा म्हणून मिरवला जाऊ लागला, की माणूस मागे पडतो आणि जाहिरात पुढे येते. माळकरी संप्रदायालाही हे तितकंच लागू आहे. ए.ए.ने नव्वद वर्षांत हा मोह बराचसा टाळला. सदस्याने वर्तमानपत्रात, पडद्यावर स्वतःचं नाव-चेहरा मिरवायचा नाही, संस्थेने कोणत्याही पंथाशी नातं सांगायचं नाही, वादात पडायचं नाही.

कोल्हापूरच्या चर्चांना यात करण्यासारखं काम साधं आहे. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या खोल्या आहेत, संडे स्कूलच्या खुर्च्या आहेत. ज्यांना घाम, थरथर, उलट्या असा त्रास आहे त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्ती मदत क्रमांक आहे, तो सूचनाफलकावर लावता येतो. मग खोली मीटिंगसाठी उघडून द्यावी आणि पाळकाने आत बसू नये. फुकट देऊ गेलात तर मीटिंगवाले नाही म्हणतील; बाहेरची देणगी घ्यायची नाही, आपला खर्च आपण उचलायचा, अशी त्यांची परंपरा आहे. थोडंसं का होईना, ते भाडं देतील. खजिनदाराला पावती मात्र समूहाच्या नावाने फाडावी लागेल, कारण माणसांची आडनावं त्याला कोणी सांगणार नाही.